टेलनेट, एसएसएच की ब्राउझर: स्विचला दार कुठलं ठेवायचं?

ऑफिसातले पीसी एकमेकांना जोडणाऱ्या स्विचची सेटिंग दुरून बदलायची तर टेलनेट, एसएसएच किंवा ब्राउझर यांपैकी एका दारानं आत शिरावं लागतं. यातलं जुनं टेलनेट चालू ठेवलं तर काय बिघडतं, असं कोणी विचारलं की मी वाद घालत बसत नाही. त्याच्याच लॅपटॉपवर वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर) लावतो, त्याला टेलनेटनं स्विचमध्ये लॉगिन करायला सांगतो आणि मग 'फॉलो टीसीपी स्ट्रीम' उघडून दाखवतो. युजरनेमचं प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं, कारण आपण टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटावं म्हणून स्विच ते परत पाठवतो. पासवर्ड उमटवायचा नसतो, म्हणून तो एकदाच येतो, अगदी सुवाच्य. पुढे फारसं बोलावं लागत नाही.

म्हणजे टेलनेट बाद. तरी ते मागे राहून गेलेलं सापडतं, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. मार्च २०१७ मध्ये स्विच बनवणाऱ्या सिस्कोनं स्वतःच जाहीर केलं होतं, की त्यांच्या ३१८ मॉडेलांत टेलनेट चालू असेल तर पासवर्ड न देताही ताबा घेता येतो. दुरुस्ती येईपर्यंत सुचवलेला मुख्य उपाय होता, टेलनेट बंद करा. 'आपलं नेटवर्क आतलं आहे, बाहेरचं कोण ऐकणार' हा युक्तिवाद इथेही टिकत नाही.

खरी निवड उरते ती एसएसएच (टेलनेटसारखंच कमांडचं दार, पण मजकूर झाकून पाठवणारं) आणि ब्राउझर यांत. कॉलेज, पतसंस्था, मध्यम कारखाना अशा आठ-दहा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विच असलेल्या जागा डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

ब्राउझरची बाजू आधी, कारण तिला उगाच हिणवलं जातं. स्विचला महिन्यातून एकदा हात लावणाऱ्या माणसाला कमांड लक्षात राहत नाहीत. त्याला पोर्टचं चित्र दिसलं, कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर पाडलेल्या वेगळ्या कप्प्यात) आहे ते कळलं, की चूक कमी होते. स्वस्तातल्या स्मार्ट स्विचला तर कित्येकदा वेब पेजशिवाय दुसरं दारच नसतं. त्यामुळे ब्राउझर वापरणं कमीपणाचं नाही.

अडचण तीन ठिकाणी येते. एचटीटीपीएस, म्हणजे वेब पेजचं झाकलेलं रूप, चालू केलं म्हणजे साधं, उघडं एचटीटीपी आपोआप बंद होतंच असं नाही. दोन्ही शेजारी शेजारी चालू राहतात आणि बुकमार्क जुनाच असतो. दुसरं, प्रमाणपत्र स्विचनं स्वतःच बनवलेलं, म्हणून ब्राउझर दरवेळी लाल इशारा देतो आणि आपण तो न वाचता पुढे जायला शिकतो. उद्या मध्ये खरोखर कोणी बसला तरी इशारा तोच दिसणार. तिसरं, जुन्या स्विचचं टीएलएस (एचटीटीपीएसची झाकायची पद्धत) इतकं जुनं असतं की नवा ब्राउझर पेज उघडतच नाही. मग वैतागून कोणीतरी एचटीटीपी पुन्हा चालू करतं.

शिवाय वेब पेज दाखवायचं तर स्विचच्या आत एक वेब सर्व्हर चालवावा लागतो, आणि त्यातही भोकं निघतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्या आयओएस एक्सई या स्विच चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वेब पेजमध्ये निघालेल्या दोषाला धोक्याचे १० पैकी १० गुण मिळाले होते. बाहेरचा माणूस लॉगिन न करताच सर्वोच्च अधिकाराचं, म्हणजे लेव्हल १५ चं, खातं उघडू शकत होता. तेव्हा सिस्को स्विचवर वेब पेज वापरत नसाल तर सुरक्षित आणि साधं, दोन्ही सर्व्हर बंद करा.

एसएसएच जन्मलं ते याच दुखण्यातून. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी ते लिहिलं आणि फाइल पाठवणाऱ्या एफटीपीचा २१ व टेलनेटचा २३ यांच्यामधला २२ हा सेवेचा (पोर्ट) क्रमांक मागून घेतला. सुरक्षिततेत ते वरचढ आहेच. पण ते चालू करताना अडकायच्या जागाही ठरलेल्या आहेत.

सिस्कोचा जुना २९६० घ्या. होस्टनेम 'स्विच' असंच ठेवलं तर तो मजकूर झाकायची किल्ली बनवायला नकार देतो. नाव बदललं, डोमेन नेम दिलं, की विचारतो किल्ली किती बिटांची हवी. कंसात ५१२ आधीच लिहिलेलं असतं, आपण सवयीनं एंटर मारतो. मग एसएसएचची दुसरी आवृत्ती चालू होत नाही, कारण तिला किमान ७६८ बिट लागतात. सरळ २०४८ टाका. त्यानंतर 'लाइन व्हीटीवाय ० ४' वर, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या पहिल्या पाच लाइनवर, 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच' दिलं की काम झाल्यासारखं वाटतं. ते झालेलं नसतं. स्विचला ५ ते १५ अशा आणखी अकरा लाइन असतात. पुढचं दार बंद आणि मागचं उघडं, हा प्रकार मी दुसऱ्यांच्याच नाही, स्वतःच्या कॉन्फिगमध्येही पाहिलाय.

उलट बाजूनंही त्रास आहे. नव्या लॅपटॉपवरून जुन्या स्विचला एसएसएच केलं तर 'किल्ली देवाणघेवाणीची पद्धत जुळत नाही' अशा अर्थाचा निरोप येतो. लॅपटॉपवरच्या ओपनएसएसएच या एसएसएच सॉफ्टवेअरनं जुन्या पद्धती एकेक करून बंद केल्यात. आधी फर्मवेअर (स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर) नवं करता येतं का बघा. येत नसेल तर फक्त त्या एका स्विचच्या पत्त्यापुरती सूट लिहा. सगळ्यांसाठी सूट लिहून मोकळं होऊ नका, आणि या कारणानं टेलनेटकडे तर मुळीच परतू नका.

माझा कौल असा: स्विच कमांडवर चालणारा असेल आणि सांभाळणाऱ्याला आठवड्यातून एकदा तरी त्यात डोकवावं लागत असेल, तर फक्त एसएसएच. स्मार्ट स्विच असतील किंवा सांभाळणारा मूळचा अकाउंटचा माणूस असेल, तर फक्त एचटीटीपीएस. दोन्ही चालू ठेवायचा मोह टाळा.

यापेक्षा जास्त फरक मात्र दुसऱ्याच प्रश्नानं पडतो: त्या दारापर्यंत पोहोचू कोण शकतं? विद्यार्थ्यांच्या वायफायवरून स्विचचं लॉगिन पेज उघडत असेल तर एसएसएचनं अर्धीच लाज राखली. व्यवस्थापनाचा पत्ता व्हीलॅन १ या मुळातल्या, सगळ्यांच्या व्हीलॅनवर ठेवू नका. त्याचा वेगळा व्हीलॅन करा आणि ठरावीक एक-दोन पीसींनाच तिथे जाऊ द्या. मोठ्या जागी याहून पुढे जाऊन व्यवस्थापनाची केबलच वेगळी ओढतात. कोणी चुकून लूप केला (केबलनं नेटवर्क स्वतःलाच जोडलं) आणि सगळं नेटवर्क गुदमरलं की त्याच नेटवर्कमधला व्यवस्थापन व्हीलॅनही गुदमरतो, वेगळी केबल तेवढी चालू राहते. आठ स्विचसाठी हा खर्च मला पटत नाही. घरून काम करायचं असेल तर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कात शिरायचा झाकलेला रस्ता. राउटरवर २२ नंबर बाहेर उघडणं नको, आणि ऑफिसातल्या कुठल्यातरी पीसीवर रिमोट डेस्कटॉपचं ॲप कायम चालू ठेवणंही नको.

ही बंधनं घालतानाच माणूस स्वतःला बाहेर कोंडून घेतो. एका कारखान्यात मी अ‍ॅक्सेस लिस्ट लावली, म्हणजे कुठल्या पत्त्यांना आत घ्यायचं त्याची यादी. पत्त्यात ३० च्या जागी १३ पडलं. माझं चालू सेशन काही तुटलं नाही, कारण ही लिस्ट नवीन येणाऱ्यालाच अडवते. समाधानानं कॉन्फिग सेव्ह केलं आणि बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी ७० किलोमीटर गाडी. तेव्हापासून जुनी खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय का ते बघतो आणि मगच सेव्ह करतो. सिस्कोवर आधी 'रीलोड इन १०' देतो. अडकलोच तर दहा मिनिटांत स्विच रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर येतो, सगळं ठीक असेल तर रीलोड रद्द करायचा. ज्युनिपर कंपनीच्या स्विचचं 'कमिट कन्फर्म्ड' याबाबतीत सरस आहे, स्विच रीस्टार्ट न करता बदल मागे घेतं.

खात्यांचं थोडक्यात. दोन-तीन माणसं असतील तर स्विचवरच प्रत्येकाचं वेगळं खातं पुरे. सगळ्यांचं मिळून एक 'ॲडमिन' नको, नाहीतर रात्री कोणी काय बदललं ते लॉगमधून कळत नाही. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आणि घड्याळं एनटीपीनं (नेटवर्कवरून वेळ घ्यायची पद्धत) जुळवायची असतात, तेही यातच उरकून घ्या. माणसं वाढली की खाती एका मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवणारं रेडियस किंवा टॅकॅक्स प्लस. रेडियस फक्त पासवर्ड झाकतं, टॅकॅक्स प्लस अख्खा मजकूर झाकतं आणि कोणी कुठली कमांड द्यावी हेही ठरवू देतं. जोडीला एक स्थानिक खातं राहू द्या. मात्र सर्व्हरनं उत्तरच दिलं नाही तरच ते कामी येतं, सर्व्हर 'नाही' म्हणाला तर नाही. स्विचवर लक्ष ठेवायला एसएनएमपी वापरत असाल तर त्यातला पासवर्डसारखा चालणारा 'पब्लिक' हा शब्द आजच काढा.

कन्सोलला, म्हणजे स्विचला थेट केबल लावून शिरायच्या दाराला, मी स्पर्धेत धरलंच नाही, कारण कमांडवर चालणाऱ्या स्विचला ते लागतंच. सिस्कोवर वेग ९६००, निळी केबल. ती रॅकच्या आतल्या बाजूला टाय मारून ठेवा, आणि तिच्यासोबत यूएसबी कन्व्हर्टरही. नव्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसतो, हे आठवतं ते रॅकसमोर उभं राहिल्यावर.