चतुर्थीआधीचा रविवार आणि पन्नास टक्के सूट

गणेश चतुर्थी केव्हा येणार, हे कोकणात कुणाला विचारावे लागत नाही. नवे पंचांग घरात आले की पहिले बोट भाद्रपदाच्या पानावर जाते, मुंबईकर मंडळी त्या तारखेवर डोळा ठेवून रेल्वेची तिकिटे काढतात आणि एसटीच्या जादा गाड्यांचे बेतही त्याच तारखेवरून ठरतात. म्हणूनच रत्नागिरी शहरातील कपडे आणि घरगुती वस्तूंच्या एका मोठ्या दुमजली दालनाच्या सेलमध्ये 24 ऑगस्ट 2025 च्या रविवारी, म्हणजे चतुर्थीला तीन दिवस उरलेले असताना, आम्हाला जो त्रास झाला त्याबद्दल "गर्दीच अचानक वाढली" हे तेथील व्यवस्थापकांचे उत्तर मला आजही पटलेले नाही. त्या गर्दीची तारीख वर्षभर आधी छापून आली होती, आणि दालनाने स्वतःच पंधरा दिवस गावोगावी फलक लावून तिला आमंत्रण दिले होते.

आमची खरेदी तशी ठरलेली होती. घरात नवी सून, तिचा पहिला ओवसा (नव्या सुनेने गौरीपुढे सूप भरून ठेवण्याचा विधी), त्यामुळे तिला एक चांगली साडी, मुलाला कुर्ता, मुंबईहून येणाऱ्या पंधरा माणसांच्या अंथरुणांसाठी चादरी, आणि रोजचा कुकर एवढ्या पानांना पुरत नसल्याने पाच लिटरचा दुसरा कुकर. पावसच्या पुढचे आमचे गाव, तिथून तासाभराची एसटी. बरोबर सासूबाई होत्या, कारण ओवशाची साडी आपण पाहिल्याशिवाय घ्यायची नाही, असे त्यांनी आदल्या रात्रीच जाहीर केले होते. एसटीत मार्च 2023 पासून महिलांना निम्मे तिकीट आहे आणि सासूबाईंचे वय 78, म्हणजे त्यांचा प्रवास फुकटच. त्या दिवशी न मागता, कोणत्याही अटीविना आणि पूर्णपणे मिळालेली पन्नास टक्के सूट ती एवढीच.

दालनाच्या दारातच पहिला प्रश्न उभा राहिला तो छत्र्यांचा. भाद्रपदाच्या पहिल्याच दिवसाचा पाऊस, प्रत्येकाच्या हातात निथळणारी छत्री, आणि ती आत नेण्यास मनाई. ही मनाई रास्तच म्हणावी लागेल, कारण आतील फरशी गुळगुळीत आहे. परंतु छत्र्या ठेवण्यासाठी दोन प्लास्टिकच्या बादल्या आणि राखणीला कुणीच नाही, ही व्यवस्था शेकडो माणसांसाठी कशी पुरणार? बादल्या भरल्यावर छत्र्यांचा भिंतीलगत ढीग झाला, तो घसरत घसरत पायरीवर आला आणि आत शिरणारा प्रत्येक जण त्यावरून पाय टाकून जाऊ लागला. क्रमांकाचे बिल्ले देणारा एक माणूस बसवला असता तर हे टळले असते. आमची काळी छत्री त्या ढिगातून परत मिळाली नाही; तिच्याऐवजी जी उरली होती ती दोन काड्या मोडलेली.

आत गेल्यावर लक्षात आले की गर्दीसाठी दालनाने तयारी केली होती खरी, पण उलट्या दिशेने. एरवी सुरू असलेल्या सोयी एकेक करून बंद केल्या होत्या. कपडे घालून पाहण्याच्या तिन्ही खोल्यांमध्ये खोकी रचली होती आणि दारावर "सेल काळात ट्रायल बंद" अशी पाटी होती. "काकू, अंदाजाने घ्या, सगळ्यांना असेच देतोय," असे तेथील मुलीने नम्रपणे सांगितले. बसण्याचे बाक उचलून त्या जागी टॉवेलांचे ढीग मांडले होते, त्यामुळे सासूबाई पाऊण तास एका खांबाला टेकून उभ्या राहिल्या. शेवटी दारावरच्या रखवालदाराने स्वतःचे स्टूल आणून दिले. या परीक्षणात विनाअट कौतुक करावे असा तो एकटाच माणूस. साड्यांच्या विभागात एरवी घडी उलगडून दाखवतात, ते त्या दिवशी बंद होते; साडी प्लास्टिकच्या पाकिटातच पाहायची, पदर पाहिजे असेल तर पाकिटावरच्या चित्रावरून समजून घ्यायचा. बिलाचे चार काउंटर आहेत, त्यांपैकी दोनच चालू होते. उरलेल्या दोन काउंटरवरची माणसे माल लावायला नेली होती, असे नंतर समजले.

आता सवलतीविषयी, कारण माणसे एवढा त्रास सोसतात त्या तिच्यासाठीच. बाहेरील फलकावर "60%" हा आकडा हातभर उंचीचा आणि त्यापुढील "पर्यंत" हा शब्द मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत होता. प्रत्यक्षात साठ टक्के सूट होती ती लहान मुलांच्या जुन्या लोकरी टोप्यांवर, ज्यांचा रत्नागिरीत जानेवारीतही फारसा उपयोग नाही. दुसऱ्या एका स्टँडवर "50%" ची पाटी होती. तेथून उचललेला सदरा बिलाला गेल्यावर "या पीसवर ऑफर नाही, कुणीतरी चुकून इथे ठेवला असेल" असे उत्तर आले, आणि तेच उत्तर आमच्या पुढच्या व मागच्या दोन्ही ग्राहकांना मिळाले. एकाच स्टँडवर इतक्या लोकांच्या चुका होत असतील तर तो स्टँडच तपासायला हवा. पुरेसा माल नसताना मोठ्या सवलतीचे आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत, आणि माल मर्यादित असेल तर तसे स्पष्ट सांगण्याचे बंधनही त्यात आहे. येथे मात्र तशी सूचना कुठेही दिसली नाही.

काही गोष्टी खरोखरच स्वस्त आणि चांगल्या होत्या, हेही नमूद केले पाहिजे. सुती चादरी 449 रुपयांना एक आणि दोनांवर तिसरी मोफत, या दराने आम्ही घेतल्या. आतापर्यंत चार धुण्यांनंतरही रंग गेलेला नाही. कुकर 2200 चा 1650 रुपयांना मिळाला. सेलमधील कुकर घेताना मला धाकधूक असते, म्हणून त्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस 2347 हा क्रमांक आहे ना, हे मी आधी पाहिले. घरगुती प्रेशर कुकरला हे चिन्ह आता सक्तीचे आहे. पाचव्या दिवशी त्यात पंचवीस माणसांची उसळ दोन वेळा शिजली, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही.

बिलाच्या रांगेत एक तास दहा मिनिटे गेली. त्यातील वीस मिनिटे वीज गेल्यामुळे. जनरेटर होता, पण त्यावर दिवे आणि पंखे चालत होते, बिलाची यंत्रे नव्हेत. वीज आल्यावर मोबाइलवरून पैसे जाईनात, कारण एकाच वेळी शंभर माणसे तोच प्रयत्न करत होती. रांगेत पुढे शिरणाऱ्यांना अडवायला कुणी नव्हते आणि "माझी माणसे पुढे आहेत" हे सांगून एक अख्खे कुटुंब आमच्या पुढे गेले. पण यात मी माणसांना फारसा दोष देणार नाही. ज्याची शेवटची एसटी पाच वाजता आहे आणि घरी मंडपी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायची राहिली आहे, तो रांगेत शहाणपणाने वागेल अशी अपेक्षा करता येत नाही. रांग सांभाळणे हे दुकानाचे काम.

बिल हातात आले तेव्हा आणखी एक प्रकार दिसला. कुर्त्याची छापील किंमत 1499 रुपये, त्यावर पन्नास टक्के सूट, म्हणजे 749 रुपये 50 पैसे. बिलात मात्र त्यावर पाच टक्के जीएसटी स्वतंत्रपणे चढवून 786 रुपये 98 पैसे लावले होते. साडीचेही तसेच: 2199 वर चाळीस टक्के सूट दिल्यानंतरच्या 1319 रुपये 40 पैशांवर आणखी 65 रुपये 97 पैसे. कमाल किरकोळ किंमत ही सर्व करांसहित असते आणि पाकिटावर तसे छापलेलेच असते. तेव्हा त्या किमतीवर सूट जाहीर करून नंतर कर वेगळा मागणे म्हणजे जाहीर केलेली सूट मागच्या दाराने कमी करणे होय. अशाच एका प्रकरणात, तेव्हाच्या व्हॅटच्या संदर्भात, राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2017 साली ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. पिशवीचे दहा रुपयेही बिलाच्या टोकाला आले. त्याबद्दल आत कुठेही पाटी नव्हती, आणि आधी न सांगता ऐनवेळी असे पैसे लावण्याविरुद्धही त्याच आयोगाचा डिसेंबर 2020 मधील निर्णय आहे. मी हे काउंटरवरच्या मुलीला सांगितले. तिच्या कपाळावरचा घाम आणि माझ्या मागची रांग पाहून पुढे बोलवेना. त्या मुलीने काही ती यंत्रणा बसवलेली नव्हती.

खरा घोळ घरी आल्यावर कळला. सुनेने साडीचे पाकीट उघडले, तर वर "ब्लाउज पीससह" छापलेले असूनही साडीला ब्लाउजचा कापड नव्हता. तो आधीच कुणीतरी कापून घेतलेला होता आणि कापलेली कड सुबकपणे दुमडून ठेवली होती. पाकीट न उघडण्याचा नियम त्या दिवशी का होता, हे मला तेव्हा उमगले; अर्थात हा माझा तर्क आहे. सोमवारी दूरध्वनी केला तर "सेलमधील माल परत घेत नाही, बिलावर छापले आहे" असे उत्तर मिळाले. मंगळवारी हरतालिका, बुधवारी गणपती. त्या दिवसांत वीस किलोमीटर जाऊन वाद घालायला कुणाला सवड असते? अखेर शुक्रवारी मुलगा रत्नागिरीच्या राम आळीतील एका जुन्या दुकानात गेला. तेथेही गर्दी होती आणि सवलत काहीच नव्हती, परंतु गादीवर बसलेल्या मालकांनी अकरा साड्या उलगडून दाखवल्या, व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना पदर दाखवला आणि "पसंत नाही पडली तर गौरी गेल्यावर परत आणा" असे सांगितले. साडी पाचशे रुपयांनी महाग पडली. त्या दुकानात निवड कमी आहे, नव्या पद्धतीचे कपडे तर जवळजवळ नाहीतच, त्यामुळे सगळी खरेदी तेथे होईल असे म्हणता येणार नाही.

गौरी-गणपतीचे विसर्जन 2 सप्टेंबरला झाले आणि 4 तारखेला मी ती साडी, पाकीट व बिल घेऊन पुन्हा दालनात गेले. दालन रिकामे, बाक जागेवर, कपडे घालून पाहण्याच्या खोल्या उघड्या. प्रथम त्यांनी महिनाभराच्या मुदतीची क्रेडिट नोट देऊ केली. मी ती नाकारली. कुर्ता खांद्यात घट्ट होतो, त्याबद्दल मी काही मागितले नाही, कारण माप चुकणे हा मालातील दोष नव्हे आणि तो बदलून देणे हा दुकानाचा चांगुलपणा असतो. साडीची गोष्ट वेगळी. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि "परत घेणार नाही" असे बिलावर छापल्याने हा कायदा लागू होण्याचे थांबत नाही. मी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक मोबाइलवर लावायला घेतला, तेव्हा व्यवस्थापक आतून आले. गर्दी अचानक वाढली, हे त्यांचे वाक्य त्याच वेळचे.

दहा मिनिटांत साडीचे पूर्ण पैसे मिळाले, तिच्यावरचे 65 रुपये 97 पैसेही. कुर्त्यावरचे 37 रुपये 48 पैसे मात्र "सिस्टीमच तशी आहे" म्हणून राहिले. एवढ्याशा रकमेसाठी काय भांडायचे, असे मुलगा म्हणाला. त्याला मी त्या रविवारच्या रांगेची लांबी आठवायला सांगितली. तक्रार 1915 वर नोंदवली आहे, क्रमांक मिळाला आहे, उत्तराची वाट पाहत आहे.