विंडोज ७ साठी ‘खास ब्राउझर’ विकणाऱ्यांपासून सावध

जुन्या विंडोजवर चालणारा नवा ब्राउझर पैसे घेऊन बसवून देतो, असे कोणी सांगत असेल तर तो फसवत आहे, हे आधीच स्पष्ट लिहितो. माझ्या थोरल्या बंधूंना याच मार्गाने आधी अडीच हजारांना आणि नंतर अडतीस हजारांना गंडा घातला गेला. त्यांची संमती घेऊनच हे लिहीत आहे.

बंधूंचे सांगलीत डीटीपीचे, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून छपाईसाठी तयार करण्याचे, दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल अशी कामे तेथे होतात. आजच्या काळात विंडोज ७ कशाला, हा प्रश्न हा व्यवसाय जवळून न पाहिलेल्यांनाच पडेल. पेजमेकर या पानांची मांडणी करण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या वर्षानुवर्षे साठलेल्या फाइली, त्यांना लागणारे जुने फॉन्ट, डोंगल (संगणकाला जोडायची परवान्याची छोटी किल्ली) लावल्याशिवाय न उघडणारे मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर आणि नव्या विंडोजवर ज्याचा ड्रायव्हर (यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर) चालतच नाही असा स्कॅनर, हा सगळा संसार त्या एका संगणकावर आहे. मात्र ग्राहक मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतात, जीएसटीचे विवरणपत्रही तेथूनच भरले जात असे. त्यामुळे ब्राउझरवाचून गत्यंतर नव्हते.

या संगणकावर क्रोम हा गूगलचा ब्राउझर उघडला की वरच्या बाजूला एक पट्टी दिसे: पुढील अपडेट हवे असतील तर विंडोज १० किंवा त्यानंतरची आवृत्ती लागेल. ही सूचना खरीच होती. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार, म्हणजे सुरक्षा-दुरुस्त्या देणे, १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला, पैसे भरणाऱ्या संस्थांना दिलेली वाढीव मुदतही जानेवारी २०२३ मध्ये संपली, आणि त्याच सुमारास क्रोमनेही विंडोज ७ ची साथ सोडली. या प्रणालीवर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासूनच्या आवृत्त्या तीवर बसतच नाहीत. फसवणारे नेमके या खऱ्या सूचनेवर जगतात. सूचना वाचून माणूस शोध घेतो, आणि शोधाच्या निकालांत सर्वांत वर, ‘प्रायोजित’ अशा बारीक अक्षरांखाली, यांची जाहिरात असते.

त्या जाहिरातीतून उघडलेल्या पानावर क्रोमसारखेच रंग होते, ‘विंडोज ७ साठी अधिकृत ब्राउझर, तीन वर्षांचा परवाना’ असा मजकूर होता आणि एक दूरध्वनी क्रमांक होता. पलीकडचा माणूस अत्यंत अदबीने, ‘सर’ म्हणत बोलला. दुरून मदत करण्यासाठी म्हणून त्याने संगणकाचा ताबा देणारे ॲप उतरवून घ्यायला लावले, आणि मग ‘इव्हेंट व्ह्यूअर’ ही विंडोजमधील घडामोडींची नोंदवही उघडून त्यातील लाल खुणांची लांबलचक यादी दाखवली. या सर्व विषाणूंच्या नोंदी असून परवाना नसलेल्या ब्राउझरमुळे ते शिरले, असे त्याचे म्हणणे. वस्तुतः अशा लाल खुणा कोऱ्या करकरीत संगणकातही सापडतात. एखादी सेवा वेळेत सुरू झाली नाही, एवढ्या कारणानेही तेथे नोंद होते. बंधूंनी क्यूआर कोडवर २,४९९ रुपये भरले आणि नवा ब्राउझर बसला.

काही आठवड्यांनी त्याच लोकांचा पुन्हा दूरध्वनी आला. कंपनी ही सेवा बंद करत असून परवान्याचे पैसे परत करायचे आहेत, त्यासाठी नेटबँकिंग उघडा, असे सांगण्यात आले. ताबा देणारे ॲप संगणकावर तसेच होते. मध्येच पडदा काळा झाला, ‘सर्व्हर जोडला जात आहे’ असे सांगितले गेले, मोबाइलवर आलेला ओटीपी पैसे जमा होण्यासाठी आहे असे म्हणून विचारून घेतला गेला, आणि खात्यातून ३८,००० रुपये गेले. परतावा मिळायला ओटीपी कधीच लागत नाही. ओटीपी पैसे बाहेर जाताना लागतो.

मी नंतर तो ब्राउझर तपासला. नाव आणि चिन्ह नवे होते. ‘अबाउट’मध्ये आवृत्ती मात्र १०९. ज्यापासून सुटका हवी होती तेच जुने क्रोमियम, म्हणजे क्रोम ज्यावर उभे आहे तो विनामूल्य मिळणारा पाया, नवे वेष्टन घालून विकले गेले होते! सोबत एक एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) होते, ज्याला प्रत्येक संकेतस्थळावरील माहिती वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी होती. ते काढण्याचे बटण निष्क्रिय होते, आणि घरच्या दुकानातल्या संगणकावर ‘तुमचा ब्राउझर संस्थेकडून व्यवस्थापित केला जात आहे’ अशी ओळ मेनूच्या तळाशी झळकत होती. कोणत्याही कार्यालयाच्या व्यवस्थेत नसलेल्या संगणकावर ही ओळ दिसली तर कोणीतरी बाहेरून सेटिंग लादली आहे, असे धरून चालावे.

खरे पर्याय होते, आणि एकालाही पैसे पडत नव्हते, याचाच मला अधिक संताप येतो. जुलै २०२३ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ११५ या ब्राउझरच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला तो बनवणाऱ्या मोझिलाने विंडोज ७ आणि ८ साठी सुरक्षा-दुरुस्त्या देणे चालू ठेवले आणि ती मुदत एकाहून अधिक वेळा वाढवली. बसवण्यापूर्वी ती मुदत चालू आहे ना, हे मोझिलाच्याच संकेतस्थळावर पाहावे आणि फाइलही तेथूनच घ्यावी. उतरवलेल्या फाइलवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिजिटल सिग्नेचर्स’ उघडले की स्वाक्षरीत मोझिला कॉर्पोरेशनचे नाव दिसले पाहिजे. क्रोमियमवर आधारित सुपरमियम हा मुक्त स्रोत (ज्याचा कोड सर्वांना खुला आहे असा) ब्राउझर जुन्या विंडोजसाठीच तयार केलेला आहे. तोही विनामूल्य आहे. अर्थात, ब्राउझर कितीही ताजा असला तरी त्याखालची विंडोज दुरुस्त होत नाही, म्हणून अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करूच नयेत, असे माझे ठाम मत आहे. आता बंधूंच्या त्या संगणकाची इंटरनेटची तार काढली आहे. मजकूर दुसऱ्या संगणकावर उतरतो आणि पेन ड्राइव्हने इकडे येतो. तो दुसरा संगणकही जुनाच, चार जीबी मेमरीचा आहे, पण त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या विनामूल्य प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवल्याने अद्ययावत फायरफॉक्स चालतो.

३८,००० गेल्याचे लक्षात येताच बंधूंनी १९३० या मदतक्रमांकावर तक्रार नोंदवली आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही माहिती भरली. त्यामुळे रकमेचा काही भाग पुढच्या खात्यात गोठवला गेला. उरलेला तोवर काढून घेतलेला होता. बँकेकडून भरपाईची आशा फारशी नाही, कारण रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच मानले जाते. म्हणूनच कळवण्यात एक तासही दवडू नये.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर तशाच जाहिराती आता त्या संगणकांच्या मालकांनाही दिसू लागल्या आहेत. विंडोजचा आधार संपला म्हणून ब्राउझर त्याच दिवशी बंद पडत नाहीत. क्रोम, एज आणि फायरफॉक्स त्या तारखेनंतरही विंडोज १० वर विनामूल्य अद्ययावत होत राहिले आहेत. ‘तुमच्या ब्राउझरचा परवाना संपला’ असा दूरध्वनी आल्यास तो तिथेच ठेवून द्यावा.