पाच रात्री, सहा दिवस आणि पुण्याच्या वेळेचा सूर्यास्त

आमच्या लग्नाचं कार्यालय म्हात्रे पुलाजवळचं. बुकिंगची पावती हातात देताना तिथल्या मॅनेजरनी एका ट्रॅव्हल कंपनीचं कार्डही सरकवलं: हनिमूनवर पाच टक्के सूट. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या एका मुलीने आमच्यासाठी खरोखर धावपळ केली आणि माझ्या लिहिण्याचं उगाच तिच्यावर शेकायला नको. पण अंदमानला निघालेल्या नव्या जोडप्यांच्या कामी येईल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लग्न डिसेंबरच्या पहिल्या रविवारी झालं. मसालेभात आणि मठ्ठा उत्तम, जिलबी गार. मंगलाष्टकं म्हणायला सरसावलेल्या आत्यांचा सूर असा काही लागला की अंतरपाटापलीकडून नवऱ्याचं दाबलेलं हसू मला ऐकू येत होतं. सोमवारी सत्यनारायण, मंगळवारी जेजुरी. बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायची रीत त्याने इमानदारीत पाळली, आणि पाचव्या पायरीला कमरेत जी कळ आली ती थेट अंदमानपर्यंत सोबत आली. बुधवारी रात्रीचं विमान, मध्ये चेन्नईला चार तास खुर्चीत. पॅकेज पाच रात्री सहा दिवसांचं, दोघांचे मिळून १,१२,००० रुपये, विमानाची तिकिटं धरून.

निघायच्या आधी कागदांनीच घोळ घातला. एका पानावर पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील. दुसऱ्यावर श्री विजयपुरम, स्वराज द्वीप, शहीद द्वीप. बाबा चष्मा लावून म्हणाले, "अगं, सहा ठिकाणं आणि दिवसही सहाच? राहणार कधी?" ठिकाणं तीनच आहेत. हॅवलॉक आणि नीलची नावं २०१८ मध्ये बदलली, पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये. तिथले ड्रायव्हर मात्र सर्रास जुनीच नावं घेतात. दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहिली असती तर बाबांचा अर्धा तास वाचला असता.

आता मुख्य तक्रार. कार्यक्रमपत्रिकेत दुसऱ्या दिवशी ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘सायं. ५.३० – राधानगर बीचवर रोमँटिक सूर्यास्त’. हा हॅवलॉकचा सात नंबरचा बीच. २००४ मध्ये टाइम मासिकाने आशियातला सर्वोत्तम म्हणून गौरवलेला, २०२० मध्ये स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिलं जाणारं ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळालेला. मी साडी नेसून, गजरा माळून तयार. पावणेपाचला गाडी आली तेव्हा ड्रायव्हरने आमच्याकडे दयेने पाहिलं. "मॅडम, सूरज तो अभी जाएगा." आम्ही पोचलो तेव्हा आकाशात उरलासुरला गुलाबी रंग होता आणि गार्ड शिट्ट्या मारून लोकांना पाण्याबाहेर काढत होता.

भारताचं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी अंश रेखांशावर, मिर्झापूरजवळच्या. पुणे साधारण चौऱ्याहत्तर अंशांवर, हॅवलॉक त्र्याण्णववर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सव्वा तासाचा फरक. अंदमान दक्षिणेकडे असल्याने थंडीत तिथला दिवस थोडा मोठा, त्यामुळे मावळतीला हा फरक तासाभराचा राहतो. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, तिथे पाचलाच. पत्रिका करणाऱ्याने पुण्याच्या खिडकीतून बाहेर बघून वेळ टाकली असणार. दुसऱ्या दिवशी आम्ही आपली रिक्षा केली, साडेतीनलाच जाऊन बसलो आणि काय तो सूर्यास्त पाहिला! पण रिक्षाचे पैसे आमचे. गजराही दुसरा मिळाला नाही.

‘कँडल लाइट डिनर’ हा पॅकेजमधला वेगळे ४,५०० रुपये मोजून घेतलेला प्रकार. वाळूत चार बांबू, त्यांना जाळीचे पडदे, मध्ये टेबल. असे सात मांडव एका ओळीत. वाऱ्याने मेणबत्ती टिकेना, म्हणून वेटरने प्लास्टिकच्या सेलवरच्या मेणबत्त्या आणून ठेवल्या. जेवण तेच, जे आत बुफेत होतं, पनीरसुद्धा तेच. शेजारच्या मांडवातून "अरे, पिठलं तरी द्या रे" असं ऐकू आलं आणि कळलं की जोडी वारज्याची आहे. सातपैकी चार नवऱ्या हिरव्या चुड्याच्या. पुढचा तासभर आम्ही चौघं एकाच टेबलाभोवती बसून कोणाच्या कार्यालयाने उरलेल्या पानांचे किती पैसे लावले यावर बोललो. संध्याकाळ मजेत गेली, पण त्यात ४,५०० रुपयांचं काही नव्हतं.

चुड्यावरून आठवलं. एलिफंट बीचला स्नॉर्कलिंगआधी गाइड म्हणाला बांगड्या काढा, काच फुटली तर हात कापेल. निघताना सासूबाईंनी बजावलं होतं की महिनाभर चुडा उतरवायचा नाही. मी गप्प उभी. त्या मुलाने काही न विचारता एका जुन्या टीशर्टची बाही फाडली, दोन्ही मनगटांवरून बांगड्यांसकट घट्ट गुंडाळली आणि वर रबर लावला. "रोज का काम है." पाण्याखाली पोपटी-निळे मासे माझ्या मेंदीच्या बोटांजवळून जात होते आणि मी मुठी आवळून धरल्या होत्या. तरी तीन बांगड्या वाढल्याच, त्यासुद्धा बोटीत चढताना. त्या गाइडचा कंपनीशी काही संबंध नाही, पण या सगळ्या सहलीतले पाचपैकी पाच गुण त्याला.

कंपनीचं श्रेय कंपनीला. नीलहून पोर्ट ब्लेअरला परतायच्या दिवशी सकाळी सहा दहाला पुण्याहून कंपनीतल्या त्या मुलीचा फोन आला. "मॅडम, वारा वाढलाय, तुमची दुपारची बोट रद्द होणार. सकाळच्या सरकारी बोटीत दोन जागा धरल्यात. ओळखपत्र घेऊन आठला जेट्टीवर पोचा, नाश्ता पार्सल करायला हॉटेलला सांगितलंय." पार्सल खरंच तयार होतं. बोट हलली भरपूर, नवऱ्याने कंबर विसरून पोट धरलं, पण पोचलो. वारजेकर जोडीने नेटवरून स्वस्तात बुकिंग केलं होतं, त्यांचा एजंट फोनच उचलेना. त्यांचं विमान चुकलं. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि बोटी अशाच रद्द होतात. परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरलाच हवी. ती आमच्या पत्रिकेत होती, आणि ते डोकंही त्या मुलीचंच.

सेल्युलर जेलला मात्र पत्रिकेत फक्त ४५ मिनिटं. आम्ही दोन तास होतो, ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आता तीनच उभ्या आहेत. एका शाखेच्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ येते, म्हणजे कैद्याला समोर माणूस दिसायलाच नको. फर्ग्युसनला असताना वसतिगृहातल्या सावरकरांच्या खोलीवरून मी शंभरदा गेले असेन, कधी थांबले नव्हते. इथल्या कोठडीत नवऱ्याने पावलं मोजली, साडेतेरा बाय साडेसात फूट. "आपलं किचन," तो म्हणाला. सावरकर बंधू दोघेही याच तुरुंगात होते. हनिमूनला कशाला जेल, असं घरी काहीजण म्हणाले होते. जरूर जा, आणि सकाळी जा.

परत आल्यावर हुकलेल्या सूर्यास्ताचं आणि डिनरचं सांगायला कंपनीत गेले. मेणबत्त्यांचा फोटोही दाखवला. साहेबांनी चहा पाजला, दिलगिरी व्यक्त केली आणि पैसे परत न देता पुढच्या टूरसाठी २,००० रुपयांचं व्हाउचर दिलं. मुदत ३१ मार्च. तोवर आम्हाला दोघांनाही रजा मिळायची नाही, म्हणून सासू-सासऱ्यांच्या नावावर करून देता का विचारलं.

"सॉरी मॅडम, हे हनिमून विभागाचं आहे. त्यांना चालणार नाही."