दोनशे रुपयांचा थर्मामीटर आणि मराठवाड्यातला मे महिना

मागच्या वर्षी मार्चच्या अखेरीस छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात पत्नीची किमोथेरपी सुरू झाली. उपचाराचा मोठा भाग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसला, सेलूहून जाणे-येणे रेल्वेने होत राहिले आणि घरात खास या आजारासाठी म्हणून आम्ही एकच वस्तू विकत आणली, ती म्हणजे औषधाच्या दुकानात दोनशे रुपयांच्या आत मिळणारा साधा डिजिटल थर्मामीटर. पांढरी प्लॅस्टिकची कांडी, टोकाला धातूची बोंडी, मध्ये एकच बटण. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जो दोष सांगणार आहे तो एका कंपनीचा नसून या प्रकारच्या यंत्रांच्या रचनेतलाच आहे, आणि गुण सांगायचे तर तेही सगळ्यांचे सारखेच आहेत.

ही वस्तू इतकी महत्त्वाची का, हे पहिल्या डोसच्या वेळीच आम्हाला समजावून सांगितले होते. किमोच्या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान त्या सर्वांत खाली जातात. त्या दिवसांत जंतुसंसर्ग झाला तर सूज, पू, खोकला यांपैकी काहीच न दिसता नुसता ताप येऊ शकतो. म्हणून १००.४ फॅरेनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप दिसला की सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे आणि आपल्या मनाने पॅरासिटामॉल द्यायची नाही, कारण गोळीने ताप झाकला जातो आणि आतला संसर्ग तसाच वाढत राहतो.

माझी अडचण अशी की पत्नीला दुखणे अंगावर काढायची जुनी सवय आहे. कसे वाटते असे विचारले की तिचे उत्तर ठरलेले असते आणि दिवसातून दहा वेळा विचारले की ती चिडते, तेही रास्तच आहे. थर्मामीटर आल्यापासून मी विचारणे जवळजवळ बंद केले. सकाळी, दुपारी आणि रात्री पाच-पाच मिनिटे शेजारी बसायचे, आकडा वहीत लिहायचा आणि उठायचे, एवढाच नेम ठेवला. त्या पाच मिनिटांत ती आपण होऊन जे सांगायची ते विचारून कधीच कळले नसते. तोंडाला लोखंडासारखी चव येते, ही गोष्ट मला अशीच तिसऱ्या आठवड्यात कळली.

हे यंत्र घेण्यापूर्वी घरात होते ते सगळे वापरून पाहिले. आईचा भरवसा कपाळावर ठेवलेल्या हातावर, परंतु चुलीपुढून उठलेला हात आणि भांडी घासून आलेला हात यांना एकच कपाळ वेगवेगळे लागते. वडिलांच्या वेळचा पाऱ्याचा थर्मामीटर अजून चांगला चालतो, पण रात्री बल्बच्या उजेडात पाऱ्याची रेघ शोधताना माझे डोळे हार मानतात, आणि तो फुटला तर घरभर पारा. करोनाच्या वर्षी दुकानातल्या गिऱ्हाइकांसाठी घेतलेली कपाळावर रोखायची बंदूक कपाटात पडून होती. तिने घामेजल्या कपाळावर ९६.८ दाखवले, घाम पुसून दहा मिनिटांनी ९९.१ दाखवले, आणि पंख्याखाली बसवून पुन्हा रोखली तर तिसराच आकडा दिला. गिऱ्हाइकाला दुकानात घ्यावे की नाही एवढे ठरवायला ती ठीक होती; किमोच्या रुग्णासाठी तिच्यावर विसंबू नये.

डिजिटल कांडी यापेक्षा पुष्कळ विश्वासाची निघाली, मात्र ती नीट लावावी लागते. पत्नीच्या तोंडात फोड आल्यामुळे आम्ही काखेत लावत होतो. काख आधी कोरड्या फडक्याने टिपायची, बोंडी कातडीला भिडेल अशी ठेवायची आणि हात अंगाशी दाबून धरायचा. यंत्र मिनिटभरात बीप देते, पण काखेत आकडा त्यानंतरही दोन-तीन दशांश चढत राहतो, म्हणून मी बीपकडे लक्ष न देता घड्याळ लावून पाच मिनिटे मोजतो. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्ध्या ते एक अंशाने कमी येतो, त्यामुळे ९९.५ दिसले तरी अर्ध्या तासाने पुन्हा पाहण्याचा आम्ही नियम केला.

आता दोष. आमच्या घरावर पत्रे आहेत आणि परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जाणे नवलाचे नाही. एका दुपारी तीनच्या सुमारास थर्मामीटरने १०५.३ दाखवले. मी जीपवाल्याला फोन लावला, पिशवीत कागद भरले, आणि पत्नी मात्र तांदूळ निवडत शांत बसलेली.

"अहो, मला काही नाही झालं. तुम्ही स्वतःलाच लावून बघा आधी," ती म्हणाली.

लावला. १०५.१. मुलीला लावला, तिलाही तेवढाच. घरातल्या तिघांना एकाच वेळी एकशे पाच ताप आला असे समजायचे, की पत्र्याखाली फळीवर ठेवलेली ती कांडीच तापली असे? हे यंत्र एकदा आलेला सर्वांत वरचा आकडा धरून ठेवते आणि मग खाली उतरत नाही. पाऱ्याच्या थर्मामीटरचेही तसेच असते. कांडी शरीरापेक्षा गरम असेल तर तुम्हाला दिसतो तो खोलीचा ताप. सोबतच्या बारीक अक्षरांतल्या कागदावर यंत्र ४० अंशांपर्यंतच्या तापमानातच वापरावे असे छापलेले होते, जे मी त्या दिवसानंतर वाचले. जीपवाल्याची क्षमा मागावी लागली.

त्यावर आम्ही काढलेला उपाय अगदी साधा आहे. कांडी स्टीलच्या डबीत घालून माठाला टेकवून ठेवायची. वापरण्यापूर्वी बटण दाबले की पडद्यावर आधी 'एल' हे अक्षर आले पाहिजे, म्हणजे बोंडी ३२ अंश सेल्सिअसच्या खाली आहे. 'एल' न येता थेट आकडा आला तर कांडी पुन्हा माठाशी. दुपारची नोंद त्या महिन्यात आम्ही अशीच घेतली आणि पुन्हा फसलो नाही.

दुसरी तक्रार बटणाची आहे, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. ते दाबून धरले की फॅरेनहाइटचे सेल्सिअस होते. मुलीच्या हातून असे केव्हातरी झाले आणि दुसऱ्या डोसनंतर दहाव्या रात्री दीड वाजता, पत्नीला हुडहुडी भरलेली असताना, माझ्यापुढे ३८.३ हा आकडा आला. महिनाभर शंभराच्या आसपासचे आकडे वाचलेल्या माणसाला अडतीस म्हणजे काय हे झोपेतून उठून सुचत नाही. वहीच्या मागच्या पानावर गुणाकार करून १००.९ काढेपर्यंत दहा मिनिटे गेली. पत्नी गोळी मागत होती. ती दिली नाही. परभणीला ज्या रुग्णालयात नेले तिथे खिडकीवरच्या माणसाने उन्हाळ्यात अंग तापतेच असे म्हणून आम्हाला बाकावर बसवले. मी वही उघडून डॉक्टरांपुढे नेली. त्यांनी शेवटचा किमो कधी झाला एवढेच विचारले, वेळांसकट लिहिलेले आकडे पाहिले, रक्त तपासायला पाठवले आणि अहवालाची वाट न पाहता शिरेतून प्रतिजैविक सुरू केले. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पाचशेच्याही खाली गेल्या होत्या. पाच दिवस तिथे राहावे लागले. आता डबीच्या झाकणावर आतल्या बाजूने ३८ आणि १००.४ हे दोन्ही आकडे शाईने लिहून ठेवले आहेत.

माझे मत विचाराल तर पाचांपैकी चार गुण. मराठवाड्याच्या उन्हाचा विचार यंत्र बनवणाऱ्याने केलेला नाही आणि एकाच बटणावर दोन कामे ठेवली आहेत, म्हणून एक गुण कापला. घ्यायचा असेल तर टोक वाकणारा घ्या, तो काखेत नीट बसतो, आणि शक्य झाल्यास एकाच वेळी दोन घ्या, कारण शंका आली की ताडून पाहायला दुसरा लागतोच. आमच्यातला सेल नोव्हेंबरात संपला. एलआर ४१ नावाचा बटणाएवढा सेल असतो. औषधाच्या दुकानात मिळाला नाही, घड्याळाच्या दुकानात मिळाला.