म्युझस्कोअर स्टुडिओ : पार्ट काढणाऱ्या माणसाच्या नजरेतून

सांगली-मिरजेकडं जे कोणी अरेंजिंग करतात, म्हणजे लग्नाच्या बँडला पीस बसवून देणारे, शाळेच्या गॅदरिंगला मुलांचा ऑर्केस्ट्रा उभा करणारे, नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात ऑर्गनच्या जोडीला दोन व्हायोलिन आणि एक क्लॅरोनेट घेणारे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नोटेशनचं, म्हणजे कॉम्प्युटरवर स्वर लिहून छापायचं, सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं असं सारखं कोणीतरी विचारतं आणि माझं उत्तर आता पक्कं झालंय, म्युझस्कोअर स्टुडिओ घ्या. फुकट आहे म्हणून नाही सांगत, पार्ट, म्हणजे प्रत्येक वादकाचा वेगळा कागद, काढायचं काम ते नीट करतं म्हणून सांगतोय. आणि आपल्याकडचं खरं काम तेच असतं, सुचलेलं लिहून काढणं हा पहिला भाग झाला, पण ते सात जणांच्या सात स्टँडवर आपापल्या पट्टीत, वाचता येईल असं जाणं हा मोठा भाग.

पट्टीचंच आधी सांगतो कारण सगळा वेळ तिथंच जातो. समजा गायिका पेटीच्या पांढरी पाचमध्ये, म्हणजे इंग्रजी हिशोबानं जी मध्ये, गाणार म्हणून तुम्ही सगळं जी मध्ये लिहिलंय. क्लॅरोनेट आणि ट्रम्पेट बी फ्लॅटचे, म्हणजे कागदावर लिहिलेल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजणारे, त्यांना ए मध्ये लिहून द्यायचं, आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, त्याला ई मध्ये. आता कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बाईंचा घसा बसला आणि त्या म्हणाल्या काळी तीन करा. हातानं लिहिणाऱ्याची रात्र गेलीच समजा. इथं काय करायचं, सगळं सिलेक्ट करायचं, टूल्समध्ये ट्रान्सपोज, नवीन की निवडायची, संपलं, प्रत्येक वाद्याचा पार्ट आपोआप त्याच्या त्याच्या पट्टीत बदललेला असतो. फक्त एक ध्यानात ठेवा, काळी तीनला एफ शार्प म्हणून निवडू नका, जी फ्लॅट म्हणून निवडा. पेटीवर पट्टी तीच आहे, पण जी फ्लॅट धरलं की क्लॅरोनेटला ए फ्लॅट येतं म्हणजे चार फ्लॅट, आणि आल्टोला ई फ्लॅट, तीनच फ्लॅट. एफ शार्पच्या हिशोबानं गेलात तर क्लॅरोनेटवाल्याला जी शार्प मेजर वाचायची पाळी येईल आणि तो तुमच्याकडं बघेल. सॉफ्टवेअर कितीही हुशार असलं तरी समोर वाचणाऱ्याचा विचार आपणच करायचा असतो.

कॉन्सर्ट पिच नावाचं एक बटण आहे खाली, ते दाबलं की स्कोअरमधली (म्हणजे सगळ्या वाद्यांच्या एकत्र लिहिलेल्या कागदावरची) सगळी वाद्यं एकाच पट्टीत दिसतात, पेटीवर बसून तपासायला बरं पडतं, परत दाबलं की आपापल्या पट्टीत. लिहिताना चालू ठेवायचं, छापताना बंद. नवीन माणसानं आधी हे एक बटण समजून घ्यावं, बाकी हळूहळू येतं.

पार्टचं काम तर मला फारच आवडतं. मुख्य स्कोअरमध्ये एक स्वर बदलला की त्या वाद्याच्या पार्टमध्ये पण बदलतो, आणि पार्टमध्ये बदलला तर स्कोअरमध्ये, दोन्ही जोडलेलेच असतात. पण पार्टमध्ये एखादी खूण वाचायला सोयीची म्हणून थोडी वर सरकवली तर स्कोअरची मांडणी बिघडत नाही. युफोनियमवाल्याला (बँडमधलं फुंकायचं पितळी वाद्य) बारा बार, म्हणजे उभ्या रेघांमधले बारा कप्पे, गप्प बसायचं असेल तर त्याच्या पार्टमध्ये बारा रिकामे बार येत नाहीत, एकच जाड आडवी रेघ आणि वर १२ असा आकडा येतो, वाचणारा मोजून बरोबर येतो. मुखडा, अंतरा, दुसरा अंतरा असे रिहर्सल मार्क मराठीत टाकायचे (कंट्रोल आणि एम), म्हणजे तालमीत 'अंतऱ्यापासून घ्या' म्हटलं की सगळे एकाच जागी. सगळ्या पार्टची पीडीएफ एका झटक्यात निघते, ती झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवली की काम झालं. पानाची साइज मात्र आधी ए फोर आहे का बघा, आणि पान उलटायची जागा वाजवणाऱ्याच्या विश्रांतीत येईल असं बघून तिथं पेज ब्रेक टाका, कंट्रोल आणि एंटर. नुसतं एंटर दाबलं तर ओळ तुटते. क्लॅरोनेटवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले असताना पान उलटायला लावणं हे मला पटत नाही, आणि इतकी सोय असताना तसं पान छापून देणाऱ्याला माफी नाही.

स्वर भरायची पद्धत दोन दिवस बोजड वाटेल मग हात बसतो. एन दाबलं की लिहायचं चालू, मग आकड्यानं कालमान, ५ म्हणजे एक मात्रा, ४ म्हणजे अर्धी, ३ म्हणजे पाव, ६ म्हणजे दोन मात्रा, आणि सी डी ई एफ अक्षरांनी स्वर, स्वर चुकीच्या सप्तकात पडला तर कंट्रोल आणि बाण. आर दाबलं की निवडलेलं परत तसंच पुढं येतं, ठेक्यासारख्या गोष्टींना हे फार कामाचं. मिडी कीबोर्ड (कॉम्प्युटरला जोडायचा पट्ट्यांचा कीबोर्ड) असेल तर एका हातानं आकडे आणि दुसऱ्यानं पट्ट्या, ही सगळ्यात फास्ट पद्धत. लिहिताना कॉम्प्युटरची भाषा इंग्रजीवरच ठेवा, मराठीवर राहिली तर अक्षरांचे शॉर्टकट चालत नाहीत.

शब्द मात्र मराठीत, देवनागरीत टाकता येतात आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पहिला स्वर निवडून कंट्रोल आणि एल, अक्षर टाइप करा, शब्द तुटत असेल तर हायफन, शब्द संपला तर स्पेस, आणि एकाच अक्षरावर आठ-दहा स्वरांची तान असेल तर अंडरस्कोअर दाबत जायचं म्हणजे अक्षरापुढं रेघ लांबत जाते. जोडाक्षरं तुटलेली दिसली तर टेक्स्ट स्टाइलमध्ये जाऊन देवनागरीचा चांगला फॉन्ट निवडा. नाट्यगीतात जिथं एका 'आ' वर अख्खं आवर्तन जातं तिथं ही रेघ बघून व्हायोलिनवाल्याला लगेच कळतं की गाणारा अजून तिथंच आहे.

आता तालाचं. सात मात्रांचा रूपक, दहाचा झपताल, चौदाची दीपचंदी, कुठलाही आकडा टाइम सिग्नेचर (सुरुवातीला लिहायचा तालाचा आकडा) म्हणून बनवता येतो. झपतालाला १०/४ घेतलं तर दिसायला १०/४ च्या ऐवजी २+३+२+३ असं पण लिहिता येतं. अर्ध्या-पाव मात्रांच्या दांड्या कशा जोडायच्या ते पण तिथंच ठरतं, ते आठवणीनं करा नाहीतर खंड डोळ्याला दिसत नाहीत आणि वाचणारा समेवर चुकतो.

पण सरगम नाही. म्हणजे भातखंडे पद्धतीनं सा रे ग म, खाली मात्रा, समेला गुणिलेची खूण, तालातल्या 'खाली'ला शून्य, असं लिहायची सोय यात नाही. हे सॉफ्टवेअर स्टाफ नोटेशनचं, म्हणजे पाच रेघांवर स्वर लिहायच्या पाश्चात्त्य पद्धतीचं आहे आणि ते तसंच धरून चालायचं. मिरजेत सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांची अख्खी गल्ली आहे, २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, पण ती सतार वाजवणाऱ्यांपैकी बरेच जण स्टाफ वाचत नाहीत आणि त्यांना वाचायची गरज पण कधी पडली नव्हती. अशा वादकासाठी मी शब्दांच्या खाली दुसरी ओळ घेतो, दुसऱ्या कडव्याची असते तशी, आणि तिच्यात प्रत्येक स्वराखाली सा, रे, ग लिहितो, कोमलला खाली रेघ पाहिजे तर अक्षर निवडून अंडरलाइन. वेळ जातो पण सतारवाला आणि क्लॅरोनेटवाला एकाच कागदावर येतात, तालमीत बोलणं सोपं होतं.

मींड, म्हणजे एका स्वरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं, लिहायला ग्लिसँडोची रेघ आहे, कणस्वराला (मुख्य स्वराला हलका चिकटलेला स्वर) ग्रेस नोट आहे, कागदावर दोन्ही चांगले दिसतात. ऐकायला मात्र त्यांच्यावर विसंबू नका. ग्लिसँडोला पोर्टामेंटो असा पर्याय निवडला तरी ती मींड आपल्या गळ्याची होत नाही, आणि तोडीतला कोमल गंधार जिथं लागतो तिथं कॉम्प्युटर पेटीसारखाच सरळ लागणार. एकेका स्वराचं ट्यूनिंग सेंटमध्ये (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खालीवर करता येतं प्रॉपर्टीजमधून, पण अख्ख्या पदासाठी ते कोण करत बसणार. गायकी गुरूकडनंच यायची, कागदावर फक्त सांगाडा.

आवाजांचं म्हणाल तर म्युझ साउंड्स नावाचे वेगळे आवाज आहेत, म्युझहब नावाच्या वेगळ्या ॲपमधून उतरवायचे, ते पण फुकट. व्हायोलिन, चेलो, ब्रास, कॉयर यांचे आवाज फुकटात इतके चांगले मिळतील असं दहा वर्षांपूर्वी कोणी मानलं नसतं. डिसेंबर २०२२ ला चौथी आवृत्ती आली तिच्याबरोबर हे आले. पण फायली जीबीच्या हिशोबात आहेत आणि जुना लॅपटॉप दमतो, चार जीबी रॅमवर हट्ट करू नका, सॉफ्टवेअरबरोबर येणारे साधे आवाज ठेवूनही नोटेशन तितकंच छान होतं. साध्या आवाजांत सतार आणि शहनाई नावाला आहेत, ढोलकी नाही, हार्मोनियमला रीड ऑर्गनवर भागवायचं. लावणीचा किंवा भजनी ठेका यात ऐकून गाणं कसं वाटेल हे ठरवू नका, तो ठेका ढोलकीवाल्यासमोर बसूनच ठरवायचा. तालवाद्यांना मी एकच रेघ घेतो आणि वर ठेक्याचं नाव लिहितो, आमच्या तबलजींना तेवढं पुरतं, उलट धा धिं धिं धा छापून दिलं की ते नाराज होतात.

बाकीच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडंसं, कारण विचारणारे विचारतातच. सिबेलियस १९९३ पासून आहे, स्टुडिओवाल्यांच्या हातात बसलेलं आहे, त्याची फुकट आवृत्ती आहे पण वाद्यं मोजकीच घेता येतात, बँडला पुरत नाही. डोरिको २०१६ ला आलं, सिबेलियसच्या लंडनच्या टीममधलीच माणसं स्टाइनबर्गकडं गेली आणि त्यांनी ते बनवलं. त्यात फ्लो म्हणून एक प्रकार आहे, एकाच फाइलमध्ये अनेक स्वतंत्र पदं ठेवता येतात आणि प्रत्येक वादकाचा सगळ्या पदांचा मिळून एकच पार्ट निघतो. अख्ख्या संगीत नाटकाचं काम करणाऱ्याला, जिथं वीस-पंचवीस पदं आहेत, त्याला हे सोन्यासारखं आहे, आणि तसं काम नेहमी असेल तर पैसे टाकून डोरिको घ्या असंच मी सांगेन. सांगलीत १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं, इथं असं काम करणारे नसतील असं कसं म्हणू. पण महिन्याला दोन-चार पीस करणाऱ्याला म्युझस्कोअर पुरून उरतं.

डाउनलोड करताना एक गोंधळ होतो तो टाळा. सॉफ्टवेअर म्युझस्कोअरच्या डॉट ऑर्गवाल्या साइटवर आहे, पूर्ण फुकट, ओपन सोर्स, कसलीही मुदत नाही. डॉट कॉमवाली साइट वेगळी, तिथं लोकांनी टाकलेले स्कोअर असतात आणि ते उतरवायला वर्गणी मागतात. पोरं तिथं कार्डाचा नंबर मागितलेला बघून परत फिरतात आणि सांगत सुटतात की फुकट नाही म्हणून. मोबाइलवरचं ॲप पण बघायला-ऐकायला आहे, लिहायला नाही, लिहायला कॉम्प्युटरच लागतो.

आणि ज्यांच्याकडं फिनाले या दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरमधलं जुनं काम पडून आहे त्यांनी हे वाचून लगेच हात हलवावा. फिनाले १९८८ पासूनचं, आपल्याकडं चर्चचं संगीत, बँड, सिनेमा करणारे कितीतरी त्यावरच शिकले, आणि ऑगस्ट २०२४ ला कंपनीनं जाहीर केलं की आता पुढं काम बंद. आज तुमच्या कॉम्प्युटरवर ते उघडतंय, पण विंडोज बदललं किंवा मशीन गेलं की फायलींना कुलूप लागल्यासारखं होईल. एकेक फाइल उघडून म्युझिकएक्सएमएल (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येणारा फाइलचा प्रकार) म्हणून एक्सपोर्ट करा, सोबत पीडीएफ पण काढा. ती म्युझिकएक्सएमएल फाइल म्युझस्कोअरमध्ये उघडते, डोरिकोत उघडते, सिबेलियसमध्येही. स्वर, ताल, शब्द बहुतेक नीट येतात, मांडणी थोडी सरकते, तेव्हा पीडीएफ शेजारी ठेवून एकदा एकेक बार तपासा, खास करून ग्रेस नोटा आणि परत फिरायच्या खुणा. मग सगळं एका पेनड्राइव्हवर आणि एक कॉपी दुसऱ्या कोणाच्या तरी घरी.