आईच्या हातातला छोटा कॅमेरा: नऊ महिन्यांनंतर

कॅमेरा घेण्याआधी मी दोन आठवडे तक्ते वाचत बसले होते. मेगापिक्सेल किती, झूम किती पट, व्हिडिओ कुठल्या दर्जाचा. "वापरायला सोपा" या रकान्यात झाडून सगळ्या कॅमेऱ्यांसमोर "हो" लिहिलेलं होतं, म्हणून तो रकाना मी सोडून दिला. आता नऊ महिने झालेत, फोटोंचा काउंटर साडेतीन हजारांच्या पुढे गेलाय आणि त्यातले निम्म्याहून जास्त फोटो आईने काढलेत. तिचं वय 68. उजव्या अंगठ्याचा सांधा दुखतो, आणि मेनू उघडला गेला की "हे तुझं तू बघ" म्हणून ती कॅमेरा माझ्या हातात ठेवते. सोडून दिलेला तो रकाना या नऊ महिन्यांत तिनेच भरला.

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाहीये. या वर्गातले, म्हणजे खिशात मावणारे कॉम्पॅक्ट कॅमेरे एकमेकांची चुलत भावंडंच असतात, आणि मी जिथे जिथे ठेचकाळले ते दगड बहुतेकांत सापडतील. माझ्याकडचा आहे 1 इंची सेन्सरचा (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप), 20 मेगापिक्सेल, 24 ते 70 मिलिमीटर म्हणजे जेमतेम तिप्पट झूम, बॅटरी-कार्डासकट 300 ग्रॅमच्या आसपास.

ते "1 इंच" मात्र फसवं आहे. सेन्सर प्रत्यक्षात 13.2 बाय 8.8 मिलिमीटरचा असतो, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 16 मिलिमीटरही भरत नाही. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असायच्या, त्यांच्या बाहेरच्या व्यासावरून हे मोजमाप आलं. नळ्या गेल्या, नाव राहिलं. तरीही साध्या कॉम्पॅक्टमध्ये जो 1/2.3 इंची सेन्सर असतो, त्याच्या चौपट क्षेत्रफळ याचं आहे. संध्याकाळी घरात फोटो काढायचे असतील तर हा एक आकडा बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त कामाचा.

मेगापिक्सेलची चिंता मी पहिल्याच महिन्यात सोडली. 4 बाय 6 इंची छापील फोटोला, 300 डीपीआयने (एका इंचात 300 ठिपके) छापला तरी, जेमतेम 22 लाख पिक्सेल लागतात. 20 मेगापिक्सेलमधून साधारण 46 बाय 31 सेंटिमीटरचा फोटो त्याच दर्जाने निघतो. एवढा मोठा आम्ही आजवर एकच छापलाय.

माझं मन खरं तर 30 पट झूमवाल्या कॅमेऱ्यावर होतं. मैत्रिणीकडून तसा एक दोन दिवस मागून आणला. समोरच्या झाडावरचा पक्षी भरदुपारी झकास आला. संध्याकाळी त्याच खिडकीतून त्याच झाडाचा फोटो काढला तर नुसता राखाडी लगदा. झूम टोकाला नेली की त्याचं अ‍ॅपर्चर एफ/6.3 च्या आसपास येतं (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं तोंड; एफचा आकडा जितका मोठा तितकं ते लहान). माझ्या कॅमेऱ्याचं टोकाला एफ/2.8 राहतं, म्हणजे प्रकाश पाचपट. त्यात सेन्सरही मोठा. पक्षीनिरीक्षण करणाऱ्याने हा परिच्छेद खुशाल उलटा वाचावा. आमच्या घरात माणसांचे फोटो निघतात, आणि माणसं बहुतेक वेळा संध्याकाळीच भेटतात.

आता मूळ मुद्दा, आईचा हात.

पहिल्या आठवड्यात तिचे सगळे फोटो धूसर. मला वाटलं हात थरथरतोय. मग एकदा शेजारी उभं राहून बघितलं, तर ती शटरचं बटण दाराची बेल दाबल्यासारखं एका दणक्यात दाबत होती. या बटणाला दोन पायऱ्या असतात. अर्ध्यावर दाबलं की कॅमेरा फोकस धरतो, पडद्यावरची चौकट हिरवी होते, आणि पुढे दाबलं की फोटो. फोनवर ही भानगड नसते, त्यामुळे फोनची सवय लागलेल्या बोटाला मधली पायरी कळतच नाही. मी "अर्धं दाब, अर्धं दाब" म्हणत राहिले, ती "अर्धं म्हणजे किती?" विचारत राहिली. शेवटी म्हटलं, "अगं, सुईत दोरा ओवताना टोक नेढ्यापाशी आणून क्षणभर थांबतेस ना, तसं थांब." त्या दिवसापासून जमलं. पण यासाठी बटणाची मधली पायरी बोटाला स्पष्ट लागायला हवी. काही कॅमेऱ्यांची बटणं इतकी मऊ असतात की थांबायचं कुठे ते कळत नाही. हे कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं, त्यामुळे हातात घेऊन वीसेक वेळा दाबून बघणं हाच उपाय.

दुसरी गंमत बटणांच्या जागेची. आमच्या कॅमेऱ्यात फोटो बघायचं बटण दाबलं तरी कॅमेरा जागा होतो, फक्त लेन्स आत राहते. आई अंधारात हमखास तेच दाबायची. पडद्यावर कालचा फोटो, आणि ही तो समोरचा समजून फोटो काढायला बघतेय. "दिसतंय पण निघत नाही" ही तिची तक्रार मला आठवडाभर कळलीच नव्हती. शेवटी चालू-बंद बटणावर नेलपॉलिशचा एक थेंब टाकला. वाळल्यावर तो उंचवटा बोटाला लागतो. मोड बदलायची चकतीही खिशात आपोआप फिरायची आणि बाहेर काढावा तर कॅमेरा पॅनोरामात. तिच्यावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावलाय. दिसायला भिकार, पण काम चोख.

चकती "ऑटो"वर न ठेवता "पी"वर (प्रोग्राम मोड, यात कॅमेरा बरंचसं स्वतः ठरवतो पण मर्यादा आपण घालू शकतो) चिकटवलीय, त्याला कारण माझा भाचा. वय चार, स्थिर राहण्याची क्षमता शून्य. ऑटो मोड घरातल्या उजेडात शटर उघडं राहायची वेळ 1/30 सेकंदावर आणून ठेवतो. कॅमेऱ्याच्या हिशेबाने ते बरोबरच असतं, कारण लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सावरून घेतं. पण पळणाऱ्या पोराला ते कसं सावरणार? सोफा खणखणीत, पोरगं धुक्यात, असे पन्नासेक फोटो जमल्यावर मेनूत शिरले. "पी" मोडमध्ये ऑटो आयएसओची (प्रकाशाला सेन्सर किती संवेदनशील, त्याचा आकडा) वरची मर्यादा 3200 केली आणि शटरची किमान गती 1/125 सेकंद. प्रकाश साधारण चौथाईवर येतो, म्हणून 800 आयएसओची जागा 3200 घेतो आणि थोडे दाणे दिसतात. दिसू देत. दाणेदार हसू चालतं, पुसट हसू चालत नाही. ही सोय सगळ्या सोप्या कॅमेऱ्यांत नसते. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर घेण्याआधी ती शोधाच.

फ्लॅशबद्दल माझं मत या काळात बदललं. आधी फ्लॅश म्हणजे पांढरेफटक चेहरे एवढंच डोक्यात होतं. पण फोनवर जो "फ्लॅश" असतो तो एलईडीचा दिवा, पेटून राहणारा. कॉम्पॅक्टमधला झेनॉन फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही आधी लखलखून विझतो, म्हणून अंधारात उडी मारलेलं पोर हवेतल्या हवेत गोठतं. वाढदिवसाच्या रात्रीचे आमचे सगळ्यात बरे फोटो फ्लॅशचेच आहेत. आईचं बोट अधूनमधून त्याच्यावर येतं, मग फोटोच्या एका कडेला अंधार. त्यावर इलाज सापडलेला नाही.

टचस्क्रीन मी बंद केलाय. कॅमेरा हातात धरताना आईचा अंगठा पडद्याच्या कोपऱ्याला लागायचा आणि फोकसचा बिंदू तिथेच जाऊन बसायचा. मग मागच्या खिडकीच्या कापडी पडद्याची शिवण लख्ख आणि माणसं अस्पष्ट. हा दोष पकडायला मला तीन आठवडे लागले, कारण छोट्या स्क्रीनवर सगळंच तीक्ष्ण दिसतं. भाचा आला की तो मेनूत जाऊन टच चालू करतो. कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

सगळ्यात मोठा घोळ मात्र माझ्या हातून झाला. घरात एक कार्यक्रम होता, बऱ्याच वर्षांनी सगळी भावंडं एकत्र आलेली. आदल्या रात्री मी फोटो उतरवून घेतले आणि कार्ड कॉम्प्युटरमध्येच राहिलं. दिवसभर आई फोटो काढत होती. बटण दाबलं की आवाज येत होता, काढलेला फोटो पडद्यावर क्षणभर दिसतही होता. कोपऱ्यात कार्ड नसल्याची नारिंगी खूण लुकलुकत होती म्हणे, पण उन्हात त्या पडद्यावर माणसं दिसायची मारामार, खूण कुठून दिसणार! संध्याकाळी झाकण उघडलं तर खाच रिकामी. आई काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं. "कार्ड नसतानाही शटर चालू" अशी एक सेटिंग बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. दुकानात कॅमेरा दाखवायला ती सोयीची, पण आमच्या कॅमेऱ्यात ती आधीपासूनच चालू होती. नवा कॅमेरा डब्यातून काढलात की सगळ्यात आधी ही बंद करा, तारीख-वेळ नंतर.

तारखेवरून आठवलं. मधे महिनाभर बॅटरी संपलेल्या अवस्थेत कॅमेरा पडून होता. घड्याळ चालू ठेवणारा आतला छोटा सेल मुख्य बॅटरीवरच चार्ज होतो, तोही संपला. पुढच्या 60 फोटोंवर 1 जानेवारी. फोनमधल्या संग्रहात ते भलत्याच वर्षात जाऊन बसले आणि हाताने तारखा बदलताना एक रविवार गेला.

बॅटरीचा जाहीर आकडा 200 ते 250 फोटोंच्या घरातला, प्रत्यक्षात कधी त्याहून कमी, कधी बराच जास्त. तो आकडा येतो जपानच्या सिपा या कॅमेरा उद्योगाच्या संस्थेच्या एका ठरलेल्या चाचणीतून: दर 30 सेकंदांनी एक फोटो, एकाआड एक फोटोला फ्लॅश, दरवेळी झूम हलवायची, दहा फोटोंनी एकदा बंद-चालू. असा कॅमेरा घरात कोण वापरतं? आईची पद्धत म्हणजे दोन फोटो काढायचे आणि दहा मिनिटं सगळ्यांना ते पडद्यावर दाखवत फिरायचं. त्यात बॅटरी संपते. दुसरी बॅटरी घेतली, प्रश्न मिटला. चार्जिंग यूएसबी-सीने होतं हे मोठंच सुख, फोनचीच वायर चालते. युरोपियन युनियनने 28 डिसेंबर 2024 पासून नव्या डिजिटल कॅमेऱ्यांनाही यूएसबी-सी बंधनकारक केलंय, त्यामुळे हळूहळू सगळीकडे तेच येईल. जुन्या साठ्यातला घेत असाल तर मात्र चार्जिंगची खाच बघून घ्या.

फोनवर फोटो पाठवणारं कंपनीचं अ‍ॅप म्हणजे शुद्ध मनस्ताप. जोडणी होते, तीन फोटो येतात, तुटते. दोन महिने त्याच्याशी भांडून झाल्यावर फोनला लागणारा बोटाएवढा कार्ड रीडर घेतला. आता आई स्वतः कार्ड काढते, लावते, आणि परत कॅमेऱ्यात टाकून झाकण "टक" वाजेपर्यंत दाबते. त्या दिवसानंतर ते टक ऐकल्याशिवाय ती उठत नाही.

चालू व्हायला कॅमेऱ्याला दोनेक सेकंद लागतात आणि तेवढ्यात भाचा चौकटीबाहेर जातो, याची मी बरीच कुरकुर केली. मग वाचनात आलं की 1975 मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी जो पहिला डिजिटल कॅमेरा जोडला, त्याला 0.01 मेगापिक्सेलचं एक चित्र कॅसेटवर उतरवायला 23 सेकंद लागायचे. कुरकुर थांबली नाही, पण जरा हळू आवाजात करते.

एक दुखणं राहिलंय. पुढे-मागे सरकणारी लेन्स भात्यासारखी हवा आत ओढते आणि हवेबरोबर खिशातला कापसाचा धुरळाही. सातव्या महिन्यात आकाशाच्या फोटोत डावीकडे वर एक करडा ठिपका दिसायला लागला. काच पुसून जात नाही, म्हणजे तो आत सेन्सरवर आहे, आणि या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नसल्याने घरी काही करता येत नाही. तेव्हापासून कॅमेरा आधी कापडी पाकिटात आणि मग पर्समध्ये. वाळूत तर बाहेर काढतच नाही, एक कण लेन्सच्या नळीत अडकला की लेन्स अर्ध्यावरच रुतते.

जुना कॉम्पॅक्ट घ्यायची सध्या बऱ्याच जणांना हौस आहे, त्याबद्दल दोनच गोष्टी. कार्ड कुठलं लागतं ते आधी विचारा: ओलिंपस आणि फुजीफिल्मने 2002 मध्ये आणलेली एक्सडी कार्डं केव्हाच बंद झालीत, आणि अगदी जुन्या एसडीवाल्या कॅमेऱ्यात 2 जीबीच्या वरचं कार्ड बहुधा चालणार नाही. दुसरं, चालू-बंद दहा वेळा करून लेन्सचा आवाज ऐका. किरकिर आली तर परत द्या.

ठिपका काढायला कॅमेरा दुरुस्तीला द्यायचा म्हटलं तर आई द्यायला तयार नाही. परवा पुन्हा विषय काढला, तर म्हणाली, "आठ दिवस ठेवून घेतील ना? मग राहू दे, आकाशाचे फोटो तूच काढतेस."