जुनी करप्रणाली की नवी? मार्चअखेरीस अडलेल्या पगारदारासाठी

जुन्या प्रणालीत गुंतवणूक-खर्चाच्या पावत्या दाखवून वजावटी मिळतात; नव्यात त्या बहुतेक नाहीत, पण कराचे दर कमी. निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेले सुटतील. वर्षाचा पगार १२ लाख ७५ हजारांच्या आत असेल आणि दुसरे काही उत्पन्न नसेल, तर नवी करप्रणाली घ्या आणि पाडव्याच्या श्रीखंडाकडे वळा. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी तुमचा प्राप्तिकर शून्य. ७५ हजारांची प्रमाणित वजावट आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर पूर्ण करमाफी, एवढ्यात विषय मिटतो. एकही पावती शोधावी लागत नाही. पगार थोडा वर सरकला, समजा १२ लाख ८५ हजार झाला, तरी घाबरायचे कारण नाही. मर्यादेच्या वर जेवढे उत्पन्न, त्याहून जास्त कर लागत नाही. त्यामुळे कर १० हजार आणि वर उपकराचे ४०० रुपये, बस.

फक्त शेअर विकून नफा कमावला असेल तर जपून. ही माफी त्या नफ्यावरच्या कराला लागू होत नाही. 'माझं सगळं बारा लाखांच्या आत आहे' म्हणत निवांत राहिलेल्यांना जुलैत रिटर्न भरताना धक्का बसतो तो इथेच.

पुढचे सगळे उरलेल्यांसाठी: पगार याच्या वर, डोक्यावर गृहकर्ज किंवा हातात भाडेपावत्या, आणि एचआरकडून 'प्रूफ सबमिट करा'चा तिसरा मेल.

नुसत्या गप्पांपेक्षा आकडे बरे. पुण्यातला एक पगारदार धरू. वर्षाला १५ लाख, बेसिक महिना ५० हजार, घरभाडे भत्ता पुरेसा, आणि भाडे महिना २५ हजार. हा माणूस शिस्तीचा आहे, जुन्या प्रणालीत जे जे मिळते ते सगळे घेतो.

| | जुनी | नवी |
|---|---|---|
| पगार | १५,००,००० | १५,००,००० |
| प्रमाणित वजावट | ५०,००० | ७५,००० |
| प्रोफेशनल टॅक्स | २,५०० | नाही |
| ८०सी (पीएफ, विमा अशी ठरावीक गुंतवणूक) | १,५०,००० | नाही |
| स्वतः भरलेले एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) | ५०,००० | नाही |
| कुटुंबाचा मेडिक्लेम | २५,००० | नाही |
| घरभाडे भत्त्याची सूट | २,४०,००० | नाही |
| करपात्र उत्पन्न | ९,८२,५०० | १४,२५,००० |
| कर, उपकरासह | १,१३,३६० | ९७,५०० |

सगळे करूनसवरून जुनी प्रणाली १५,८६० रुपयांनी महागच. मी हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा कुठेतरी बेरीज चुकली म्हणून पुन्हा केला होता. या माणसाने ज्येष्ठ आईवडिलांच्या मेडिक्लेमचे आणखी ५० हजार दाखवले तरी कर १,०२,९६० येतो. अजूनही पाच हजारांनी जास्तच.

हाच माणूस मुंबईत असता तर? तिथे भत्त्याची सूट बेसिकच्या ४० टक्क्यांऐवजी ५० टक्क्यांपर्यंत जाते. भाडे महिना ३० हजार आणि भत्ता २५ हजार धरला तर सूट तीन लाखांची. वर आईवडिलांचा मेडिक्लेम धरला की कर ९०,४८० होतो, म्हणजे जुनी प्रणाली सात हजारांनी स्वस्त. आता स्वतःला विचारा, सात हजारांसाठी दोन लाख रुपये ८०सी आणि एनपीएसमध्ये अडकवायला आवडतील का? ते तसेही गुंतवणार असाल तर प्रश्नच नाही. कर वाचावा म्हणून उसनवारी करून भरणार असाल, तर सौदा तोट्याचा.

जुनी प्रणाली खरी जिंकते ती एकाच ठिकाणी: भाडे आणि गृहकर्ज दोन्ही एकत्र असतील तिथे. नाशिकला स्वतःचा फ्लॅट घेतलाय, आईवडील त्यात राहतात, आणि आपण नोकरीसाठी पुण्यात भाड्याने, अशी घरे आपल्याकडे कमी नाहीत. वरच्याच पुणेकराला ज्येष्ठांच्या मेडिक्लेमसह गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख मिळाले की कर ६१,३६० वर येतो. नव्यापेक्षा ३६ हजार कमी. एवढ्या रकमेसाठी फाइल सांभाळायला मीही तयार आहे.

पण फाइल म्हणजे काय ते ठाऊक असू द्या. आमच्याकडे बरीच वर्षे फेब्रुवारीतल्या एका रविवारी जेवणाच्या टेबलावर बारा भाडेपावत्यांचा कारखाना चालायचा. मी तारखा घालायचो, बायको एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प पाण्याच्या वाटीत बोट बुडवून चिकटवायची, आणि मग मी घरमालक आजोबांकडे सह्यांसाठी जायचो. भाडे वर्षाला लाखाच्या वर, म्हणून त्यांचा पॅनही लागायचा. पॅन मागितला की आजोबांचा चेहरा पडायचा. चहा व्हायचा, विषय बदलायचा, आणि पॅन पुढच्या रविवारी मिळायचा. नवी प्रणाली घेतली त्या वर्षी हा रविवार मोकळा मिळाला. त्याची किंमत वरच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही, पण मी ती धरतो.

८०सीच्या दीड लाखाबद्दल एक गैरसमज फार आहे. मार्चमध्ये लोक 'दीड लाख कुठे टाकू' असे विचारत फिरतात. अहो, आधी पगाराची स्लिप बघा. बेसिक ५० हजार असेल तर पीएफमध्ये तुमच्या वाट्याचे महिना ६ हजार, म्हणजे वर्षाचे ७२ हजार आधीच गेलेले असतात. मुलांच्या शाळेची ट्यूशन फी यातच धरली जाते, गृहकर्जाच्या हप्त्यातले मुद्दलही. पुष्कळांचे दीड लाख असे आपोआप भरतात आणि तरीही ते २८ मार्चला पॉलिसी घेतात.

मीही घेतली होती. ओळखीचे एजंट काका, 'टॅक्सही वाचेल, विमाही होईल', वर्षाला ३० हजार, सोळा वर्षे. त्या वर्षी कर वाचला सहा हजारांच्या आसपास. बदल्यात सोळा वर्षांचा हप्ता गळ्यात पडला आणि विम्याचे कवच होते फक्त तीन लाखांचे, म्हणजे घरातला कर्ता गेला तर वर्षभरही पुरणार नाही एवढे. दोन वर्षांनी सोडली तेव्हा भरलेल्यातले फारसे हाती लागले नाही. काका अजून भेटतात, अजून हसून नमस्कार करतात. तेव्हापासून माझा एक नियम आहे: विमा हवा तर साधा टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा), आणि मार्चमध्ये कोणत्याही कागदावर सही नाही.

आता नव्या प्रणालीची दुसरी बाजू. वजावटी गेल्या म्हणजे सगळेच गेले, असे नाही. पीपीएफवरचे (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) व्याज आजही करमुक्त आहे. फक्त भरलेल्या रकमेची वजावट मिळत नाही. कंपनी तुमच्या नावे एनपीएसमध्ये भरत असेल तर बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंतची रक्कम नव्या प्रणालीतही वजा होते. आपल्या पुणेकराच्या बाबतीत हे ८४ हजार होतात आणि १३,१०४ रुपये कर वाचतो. पगाराची रचना ठरवताना एचआरला हे विचारायला हवे, आणि ते एप्रिलमध्येच. मार्चमध्ये विचारले तर 'पुढच्या वर्षी बघू' हे उत्तर ठरलेले. अर्थात हे पैसे निवृत्तीपर्यंत अडकतात. दोन वर्षांत घराचे डाउन पेमेंट भरायचे असेल तर यात पडू नका.

मला नव्या प्रणालीची खरी काळजी वाटते ती वेगळ्या कारणाने. जुन्या प्रणालीने आपल्या वडिलांच्या पिढीला, कटकट करत का होईना, बचत करायला लावले. सक्ती गेली की हातात राहिलेले पैसे फोनच्या ईएमआयमध्ये कधी विरघळतात, कळत नाही. म्हणून नवी प्रणाली घेणाऱ्याने पगाराच्या दुसऱ्याच दिवशी एसआयपी (म्युच्युअल फंडाचा मासिक हप्ता) किंवा आवर्ती ठेव कापली जाईल अशी सोय करावी. आणि ती करताना तीन वर्षे किंवा पंधरा वर्षे पैसे अडकवायचे की नाही हे आपल्या गरजेवर ठरवावे, कारण आता ८०सी कलमाची अट नाही. या एका मोकळेपणासाठी मला नवी जास्त आवडते.

फेब्रुवारी-मार्चचा पगार कापून आला म्हणून ज्यांचे तोंड उतरले आहे त्यांना एक दिलासा. ऑफिसात जाहीर केलेली प्रणाली अंतिम नसते. धंद्याचे उत्पन्न नसलेला पगारदार रिटर्न भरताना प्रणाली बदलू शकतो, दरवर्षी बदलू शकतो. पावती वेळेत दिली नाही म्हणून जास्त टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा कर) कापला गेला असेल, तर घरभाड्याची सूट आणि ८०सी रिटर्नमध्ये मागता येते आणि परतावा मिळतो. मात्र पैसे ३१ मार्चच्या आत भरलेले हवेत, आणि जुनी प्रणाली हवी असेल तर रिटर्न मुदतीत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत भरायला हवे. उशीर झाला की नवीच लागू होते, मग कितीही पावत्या असोत. दुकानदार, डॉक्टर, फ्रीलान्सर यांना ही दरवर्षीची मुभा नाही. जुनी घ्यायला त्यांना १०-आयईए फॉर्म भरावा लागतो आणि एकदा नव्यात परतले की धंद्याचे उत्पन्न असेपर्यंत पुन्हा मागे जाता येत नाही. त्यांनी सीएला विचारल्याशिवाय काही करू नये.

आणि ज्यांना पीपीएफ भरायचेच आहे, प्रणाली कोणतीही असो, त्यांनी तारीख बघावी. महिन्याच्या ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असते, त्यावर व्याज धरतात. दीड लाख २५ मार्चला भरलेत तर सरत्या वर्षात त्यावर एक रुपयाही व्याज नाही. तेच दीड लाख ५ एप्रिलच्या आत भरलेत तर सध्याच्या ७.१ टक्क्यांनी नव्या वर्षाचे १०,६५० रुपये. यंदाचे भरून झाले असतील तर फोनमध्ये २ एप्रिलचा गजर आत्ताच लावून ठेवा. मी लावलाय, सकाळी साडेदहाचा, बँक उघडल्यावरचा.